माणसं मोजायला निघण्याआधी: मुंबईत जैविक मानवशास्त्राचं संशोधन कसं सुरू करायचं

एमए-एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात किंवा नुकतीच पीएचडीला ॲडमिशन झालीये, आणि विषय घेतलाय जैविक नाहीतर उपयोजित मानवशास्त्र, म्हणजे मुलांची वाढ, पोषण, उंची-वजन, रक्तगट, हाडं-दात, कामाचा शरीरावर होणारा परिणाम यातलं काहीतरी. घरचे विचारतात नक्की काय करणार आणि आपल्याला दोन वाक्यांत सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. माझं पहिलं दीड वर्ष चाचपडण्यात गेलं, कारण कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हेच कोणी ओळीने सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय, मुंबईत राहून, लोकलने फिरून, वस्तीत जाऊन हे काम करणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुमच्या वहीतला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी अंगावरून उचललेला असतो. त्या माणसाने अर्धा तास दिलाय, चपला काढून उभं राहिलंय, आपलं पोर तुमच्या हातात दिलंय. तो आकडा चुकीचा घेतला तर त्याचा वेळ वाया गेला, आणि बरोबर घेऊन कपाटात ठेवला तरी वायाच गेला.

सुरुवात कुठून? गाईडपासून. मुंबईत हा विषय एका छताखाली मिळत नाही हे आधी मान्य करा म्हणजे त्रास कमी होतो. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, पुढे घुर्ये सरांनी तो मोठा केला, इरावती कर्वे इथेच घुर्यांच्या हाताखाली शिकून मग बर्लिनला गेल्या. वारसा मोठा आहे, पण शरीराच्या बाजूचं काम शहरभर विखुरलेलं आहे. देवनारला आयआयपीएसमधे (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) लोकसंख्या आणि आरोग्याचा डेटा, तिथेच जवळ टिसमधे (टाटा समाजविज्ञान संस्था) सार्वजनिक आरोग्य, परळला केईएमच्या आवारात रक्ताच्या आजारांवर काम करणारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी, पवईला आयआयटीच्या आयडीसीमधे माणसाच्या मापाच्या वस्तू बनवणारी डिझाईनची मंडळी. हाडांवर, उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांवर काम करायचं असेल तर पुण्याला डेक्कन कॉलेज, आणि मानवशास्त्राचा स्वतंत्र विभागही पुणे विद्यापीठात आहे. त्यामुळे गाईड एका ठिकाणचा आणि को-गाईड दुसऱ्या ठिकाणचा ही व्यवस्था इथे खूपदा करावी लागते, लाजू नका, पहिल्याच भेटीत विचारा. आणि गाईड ठरवताना त्यांची प्रसिद्धी बघण्यापेक्षा त्यांच्या आत्ताच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून चहा प्या. सर किंवा मॅडम ड्राफ्ट किती दिवसांत वाचून देतात, फील्डवर कधी येतात का, पेपरवर नाव कुणाचं पहिलं लागतं, एवढे तीन प्रश्न विचारा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाईन भांडारात त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध सापडतील, तेही चाळा, मोजमापाचं प्रकरण कसं लिहिलंय त्यावरून बरंच कळतं.

आता प्रश्न. नवीन माणूस हमखास "मुंबईच्या झोपडपट्टीतलं कुपोषण" असा विषय घेऊन येतो. मीही आणला होता. हा विषय नाही, हे शीर्षक आहे. त्याला चाळणी लावत जायचं: कोण, किती वयाचे, कुठले, कुठलं माप, कशाशी ताडून बघायचं. "गोवंडीतल्या चार अंगणवाड्यांतली ३ ते ५ वर्षांची मुलं, त्यांची वयानुसार उंची, आणि आई रोज किती तास घराबाहेर कामाला असते" हा प्रश्न झाला. एका दमात आईला सांगता आला पाहिजे.

उपयोजित बाजूचा प्रश्न घ्यायचा असेल तर मला सगळ्यात आवडतो तो शाळेच्या बाकाचा. गुडघ्यामागच्या खोलगट भागापासून तळपायापर्यंतची उंची मोजायची, बाकाची उंची मोजायची, आणि किती मुलांचे पाय लोंबकळतात ते बघायचं. साधं वाटतं ना? पण एका वर्गात सगळ्यात बुटकं आणि सगळ्यात उंच मूल यांच्यात केवढा फरक असतो ते वहीत उतरलं की लक्षात येतं की एकाच मापाचा बाक सगळ्यांना देणं कसं चुकतं, आणि निष्कर्ष थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवता येतो. तसंच मासळी बाजारात मावशी ज्या ओट्यावर दिवसभर बसतात त्याची उंची आणि त्यांची कंबर-गुडघेदुखी, किंवा रात्रपाळीच्या वॉचमन लोकांची झोप आणि कमरेचा घेर. मुंबईत असे प्रश्न पायाखाली पडलेत.

एक प्रश्न मात्र घेऊ नका, तो म्हणजे अमुक जात विरुद्ध तमुक जात, कोणाचं डोकं-नाक कसं. याला इतिहास आहे. १८९१ च्या सुमारास रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उतरंड सिद्ध करायचा प्रयत्न केला होता. इरावतीबाई बर्लिनमधे ज्यांच्याकडे पीएचडी करत होत्या ते ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे, आणि बाईंनी कवट्या मोजून त्यांच्या म्हणण्याला आधार मिळत नाही असंच लिहिलं. परक्या देशात, गाईडच्या विरोधात जाणारा निकाल, तोही मोजून! मला अजूनही हे आठवलं की हुरूप येतो. आणि १८७१ च्या कायद्याने "गुन्हेगार" ठरवलेल्या जमाती, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ ला निघाला, पण मुंबईच्या पुलाखाली राहणाऱ्या पारधी कुटुंबाकडे तुम्ही टेप आणि वही घेऊन गेलात तर आजी का दचकते ते हा इतिहास माहीत असेल तर समजतं.

प्रश्न ठरला की लगेच टेप घेऊन धावू नका. आधी बघा तुमचं उत्तर कुणी गोळा करून ठेवलंय का. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस-५ (२०१९-२१) चा डेटा आयआयपीएसनेच समन्वय करून गोळा केलाय. त्यात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, देशाचं प्रमाण ३५.५. वयस्कांवर काम असेल तर लासी नावाचं सर्वेक्षण आहे, पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त, त्यात उंची-वजनाबरोबर हाताच्या पकडीची ताकदसुद्धा मोजलीये. ज्यांना नोकरी सांभाळून किंवा घरात लहान बाळ असताना रिसर्च करायचाय त्यांच्यासाठी असा डेटा घेऊन काम करणं हा पूर्ण सन्मानाचा मार्ग आहे, कुणी "फील्ड नाही केलं?" म्हणून नाक मुरडलं तर मुरडू द्या.

आणि जवळच्या कामाची ओळख करून घ्या. पुण्याच्या केईएममधे डॉ. याज्ञिक आणि मंडळींनी १९९३ पासून आसपासच्या गावांत आया आणि बाळं मोजली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांची सरासरी ३.५, पण पाठीवरच्या चरबीची घडी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती, म्हणजे बाळ बारीक पण चरबी राखून. नुसता वजनकाटा वापरला असता तर हे कधीच दिसलं नसतं, त्यांच्याकडे कॅलिपर, म्हणजे कातडीखालच्या चरबीची घडी चिमटीत धरून मोजायचं साधन, होतं म्हणून दिसलं. मुंबईच्या वस्त्यांमधे २००६ पासून सरस नावाचा प्रकल्प झाला, साडेसहा हजारांवर बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज खाऊ दिला, एका गटाला पालेभाज्या-फळं-दूध घातलेला आणि दुसऱ्या गटाला कमी पोषणाचा. सगळ्यांचा मिळून फरक ठळक आला नाही, पण ज्यांनी दिवस राहण्याआधी तीन महिने तरी तो सुरू केला होता त्यांच्या बाळांचं वजन थोडं जास्त भरलं. वेळ कुठली हेही मोजावं लागतं, हे मी त्यावरून शिकले.

किती माणसं मोजायची हा पुढचा प्रश्न आणि इथे सगळे एकमेकांचा आकडा कॉपी करतात. प्रमाण शोधायचं असेल तर हिशोब सोपा आहे. १.९६ (९५ टक्के खात्रीसाठी धरतात तो आकडा) चा वर्ग, गुणिले अपेक्षित प्रमाण, गुणिले उरलेलं प्रमाण, भागिले चालेल त्या चुकीचा वर्ग. प्रमाण ०.३५, उरलेलं ०.६५, चूक ०.०५ धरली तर साधारण ३५० येतं, दहातलं एक घर नाही म्हणेल धरून ३९०. आता एका मुलाला नीट वेळ दिला तर दिवसाला नऊ-दहा मुलं होतात, म्हणजे चाळीसेक दिवसांचं फील्ड. एमएच्या प्रबंधाला हे झेपणार नसेल तर सँपल कापू नका, प्रश्न बदला. प्रमाण काढण्याऐवजी दोन गटांच्या सरासरी उंचीची तुलना केली तर खूपदा कमी मुलांत भागतं, सांख्यिकीवाल्या मित्राला विचारून तसा हिशोब मांडा.

परवानग्या आता, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे कारण वर्ष इथेच अडकतं.

एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनातली नीती तपासणाऱ्या समितीचा, कागद हातात आल्याशिवाय अभ्यासासाठी एकही माणूस मोजायचा नाही, पायलट म्हणजे छोट्या चाचणीसाठीसुद्धा नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा, मोठी आहेत पण लहान मुलांचं आणि संमतीचं प्रकरण तरी वाचाच. अठराच्या आतल्या मुलासाठी आईवडिलांची संमती लागते आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो, साधारण बारापर्यंत तोंडी आणि पुढे लेखी. म्हणजे आई हो म्हणाली आणि दहा वर्षांची मुलगी मान हलवून नको म्हणतेय तर विषय संपला, समजावत बसायचं नाही.

माझा पहिला संमतीपत्राचा मसुदा कमिटीने परत पाठवला होता आणि बरोबर केलं त्यांनी. मी इंग्रजीतून उतरवलं होतं, "मानवमितीय मापन प्रक्रियेत सहभागी होण्यास मी स्वेच्छेने" वगैरे. मग मी तो कागद आमच्या बिल्डिंगमधे घरकाम करणाऱ्या काकूंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या "ताई, हे कोर्टाचं आहे का?" सगळं फाडलं आणि पुन्हा लिहिलं: तुमच्या मुलाची उंची, वजन आणि दंडाचा घेर मोजणार आहे. सुई नाही, औषध नाही, पैसे नाहीत. वीस मिनिटं लागतील. मधेच नको वाटलं तर सांगा, मी थांबेन, त्यामुळे अंगणवाडीतलं तुमचं काही बंद होणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही सेविका ताईंबरोबर आलेले असता आणि लोकांना वाटतं नाही म्हटलं तर पोषण आहार बंद होईल. मुंबईत मराठीबरोबर हिंदी कागद लागतोच आणि वस्तीप्रमाणे कधी उर्दूही, आधीच तयार ठेवा. जिला लिहिता येत नाही तिचा अंगठा घेताना तुमच्या टीममधला नसलेला साक्षीदार बसवा. कागदाची एक प्रत त्यांना द्या. आधार नंबर मागू नका, त्याची काही गरज नसते आणि लोक लगेच घाबरतात.

शाळा-अंगणवाडीत जायचं तर वरच्या ऑफिसची लेखी परवानगी वेगळी लागते, त्याला दोन-तीन महिने धरा, अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या आणि तो जपून ठेवा. एका कार्यालयात माझी फाईल सात आठवडे कुणाच्या टेबलावरच नव्हती, आवक नंबर होता म्हणून ती शोधता तरी आली. आरे किंवा नॅशनल पार्कमधल्या वारली पाड्यांवर काम असेल तर कागद तर हवेतच, पण आधी पाड्यावरच्या मोठ्या माणसांशी बसून बोला. तिथे अभ्यास करायला येऊन गेलेले पुष्कळ झालेत.

रक्त, लाळ, केस असले नमुने घ्यायचा मोह होतो, कारण भारी वाटतं. पहिल्या संशोधनात शक्यतो नको असं माझं मत आहे. नमुना कुठे ठेवणार, किती वर्षं, परदेशी लॅबला पाठवणार का, त्याला अजून वरच्या परवानग्या, आणि निकालात काही आजार निघाला तर त्या माणसाला कोण सांगणार? रक्तातच रस असेल तर आधीच काम करणाऱ्या टीमला जाऊन मिळा. परळमधेच १९५२ साली भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट जगापुढे आणला, तेही कुठल्याच गटाशी न जुळणारं रक्त समोर आलं म्हणून, पण त्यामागे हॉस्पिटलची लॅब आणि अनुभवी माणसं होती.

मंजुरी येईपर्यंतचा काळ हात तयार करायला वापरा. खरंच सांगते, या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल.

उंची घेताना टाचा, कुल्ले आणि खांदे मागे टेकले पाहिजेत, जमेल तर डोक्याची मागची बाजूही, आणि डोकं असं की कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत येते, याला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात. अंबाडा, क्लिप, गजरा, उंच पोनी काढायची, आधी विचारून. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं, आणि दोन्हीत साधारण ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो म्हणून कसं मोजलं ते वहीत लिहायचंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसाची उंची सेंटीमीटरभर कमी होते, पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे एका वस्तीला सकाळी आणि दुसरीला संध्याकाळी मोजून तुलना करू नका.

मग स्वतःची चूक मोजा. ओळखीची वीसेक माणसं घ्या, प्रत्येकाला दोनदा मोजा, पहिला आकडा न बघता. दोन मापांतला फरक, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, भागिले माणसांच्या दुप्पट, आणि वर्गमूळ. समजा दहा मुलांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ०.४९ आली तर भागिले वीस, वर्गमूळ साधारण ०.१६ सेंटीमीटर. ११० सेंटीमीटरच्या मुलांत हे ०.१४ टक्के झालं, छान आहे. याला टेम (मोजमापातली तांत्रिक चूक) म्हणतात आणि प्रबंधात हा आकडा द्यावाच लागतो, परीक्षक विचारतात. स्किनफोल्ड कॅलिपरने चरबीची घडी घ्यायला शिकायचं तर अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहूनच, व्हिडिओ बघून येत नाही, आणि तिथे सुरुवातीला चूक उंचीपेक्षा खूप जास्त येते, घाबरू नका, पन्नास-साठ माणसांनंतर हात बसतो.

वजनकाट्याची माझी गोष्ट सांगते. पहिल्या आठवड्यात एका खोलीत काटा ठेवला, लादी थोडी उतरती होती, माझ्या लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी तेच मूल दुसऱ्या घरी भेटलं आणि वजन किलोभर वेगळं. दोन दिवसांचा सगळा डेटा टाकून द्यावा लागला आणि त्या एकोणीस घरांत पुन्हा जाऊन माझी चूक झाली असं सांगावं लागलं. कुणी रागावलं नाही, पण मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून एक छोटी प्लायची फळी आणि गवंड्याकडे असते तशी स्पिरिट लेव्हल पिशवीत असतेच, आणि रोज सकाळी वाण्याकडचं ५ किलोचं सरकारी छापाचं वजन काट्यावर ठेवून बघते.

वयाबद्दल खास जपा. तीन वर्षांच्या मुलग्याची डब्ल्यूएचओच्या तक्त्याप्रमाणे मधली उंची ९६.१ सेंटीमीटर आणि साडेतीन वर्षांच्याची ९९.९, म्हणजे सहा महिन्यांची चूक झाली की झेड स्कोअर (मूल त्या वयाच्या मधल्या उंचीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) जवळपास एकने सरकतो आणि धडधाकट मूल खुजं ठरू शकतं. जन्मदाखला, लसीचं कार्ड बघा. नसेल तर आईबरोबर आठवणींवरून जुळवा, गणपतीआधी झालं का नंतर, लॉकडाऊन लागला तेव्हा पोटात होतं का मांडीवर. मोठ्यांच्या बीएमआयला २५ ची रेघ लावून मोकळे होऊ नका, आशियाई लोकांसाठी डब्ल्यूएचओने २००४ मधे २३ आणि २७.५ हेही टप्पे सुचवलेत.

फील्डवर वेळापत्रक वस्तीचं चालतं. पाणी सकाळी येत असेल तर त्या तासात कुठलीही बाई तुमच्याशी बोलणार नाही आणि तिने बोलूही नये. मे महिन्यात अर्धी वस्ती गावाला, गणपतीत कोकणातली घरं बंद. कोळीवाड्यात काम असेल तर जून-जुलैची मासेमारी बंदी बघा, होड्या किनाऱ्याला असतात म्हणून पुरुष भेटतात, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा भेटणं कठीण. आणि पाऊस, सगळे फॉर्म प्लास्टिकच्या पाकिटात. स्टॅडिओमीटर, म्हणजे उंची मोजायचा उभा दांडा, घेऊन सकाळी साडेआठच्या लोकलला चढायचा विचारसुद्धा करू नका, सातच्या आत निघा किंवा त्याच भागात कुणाच्या घरी ठेवायची सोय करा.

घरं निवडताना एक गोष्ट हमखास सुटते. "प्रत्येक पाचवं घर" म्हणून गल्लीतून चालत जाता, पण वरच्या माळ्यावर बाहेरच्या लोखंडी शिडीने चढायचं भाडेकरूंचं वेगळं घर असतं, ते मोजणीतच येत नाही, आणि बहुतेक वेळा नव्याने आलेली, जास्त अडचणीतली कुटुंबं तिथेच असतात. म्हणून आधी दोन दिवस नुसती यादी करा, वर मान करून. दिवसा कुलूप असलेली घरं सोडून देऊ नका, रविवारी परत जा, नाहीतर तुमच्या अभ्यासात कामावर जाणाऱ्या आया उरणारच नाहीत.

मोजताना दोघं हवेत, एक मोजणार, एक लिहिणार, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा. बायकांचा दंड किंवा घडी मोजायला बाईच हवी, आडोसा हवा, आणि शेजारणींसमोर वजन मोठ्याने सांगायचं नाही, तिथे आकडा कुजबुजत घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरच्या खाली भरला तर ते तीव्र कुपोषण आहे, त्या दिवशी रिसर्च बाजूला ठेवायचा, सेविका ताईंना बरोबर घेऊन मुलाला पालिकेच्या दवाखान्यात पाठवायचं आणि गेलं का याची दोन दिवसांनी खात्री करायची. कुठे पाठवणार याची चौकशी आधीच करून पत्ता खिशात ठेवा.

घरी आलात की त्याच रात्री डेटा भरा. कोबो टूलबॉक्ससारखं ॲप मोबाईलवर फुकट चालतं, तरी कागद ठेवा. नावं वेगळ्या वहीत, मापं वेगळ्या, मधे फक्त कोड नंबर. आठवड्याने शेवटचे अंक मोजून बघा, ० आणि ५ जास्त येत असतील तर कुणीतरी अंदाजे लिहितंय, कदाचित तुम्हीच दमल्यावर. झेड स्कोअर काढायला डब्ल्यूएचओचं अँथ्रो सॉफ्टवेअर आहे, वयानुसार उंचीत उणे ६ च्या खाली किंवा अधिक ६ च्या वर आलेली मुलं तपासा, बहुतेक वेळा जन्मतारीख चुकलेली असते. बाकी विश्लेषण गाईड शिकवतात, ते मी इथे लिहीत नाही.

पैशाचं थोडक्यात. नेट-जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. नसेल तर आयसीएसएसआर (भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद), आणि आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिराती बघत राहा, तारखा पटकन निघून जातात. उपकरणं विकत घेऊ नका, विभागाकडून, मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक आरोग्याच्या) डिपार्टमेंटकडून मागा, कागद दिला की बहुतेक देतात.

आता राहिलं परत जाणं. चेंबूरच्या बाजूच्या एका वस्तीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारात बसलेल्या आजी म्हणाल्या, "मागल्या साली पण एक पोरगी आली होती, आमच्या नातीला मोजून गेली. काय झालं गं त्याचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, ती पोरगी कोण तेही मला माहीत नव्हतं. पण त्या आजींसाठी ती आणि मी एकच.

त्यामुळे प्लॅनमधे सुरुवातीपासून शेवटचे दहा दिवस परत जाण्यासाठी राखून ठेवा, फंडिंगच्या अर्जातही त्याचा खर्च दाखवा. मी प्रत्येक मुलासाठी अर्ध्या पानाचं कार्ड केलं, उंची, वजन, दंड, मापाची तारीख, आणि खाली एक साधी ओळ, वाढ ठीक आहे किंवा एकदा डॉक्टरांना दाखवा. "खुजं" हा शब्द कार्डावर लिहायचा नाही, तो शब्द आपल्या तक्त्यातला आहे, आईच्या घरातला नाही. कार्ड हातात द्यायचं, बंद पाकिटात, आणि पाच मिनिटं बसायचं कारण खरे प्रश्न तेव्हाच येतात. मग अंगणवाडीत एक दुपार, सेविका ताई, मदतनीस, येतील तेवढ्या आया, सगळ्या वस्तीचा मिळून एक मोठा तक्ता भिंतीवर, कुणाचंही नाव नाही. माझ्या त्या दुपारी एका आईने विचारलं की कामावर जाणाऱ्यांची मुलं बारीक असं दाखवायला आलात का तुम्ही, आणि त्या प्रश्नामुळे मी प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण परत लिहिलं, तिथे पाळणाघर किती लांब आहे हे मी मोजलंच नव्हतं. नंतर मी आणि सेविका ताई मिळून ते पायी चालत मोजून आलो, वस्तीच्या तोंडापासून बावीस मिनिटं. तोही आकडा तक्त्यात घातला, आणि ती प्रत अजून अंगणवाडीत वजनकाट्याच्या मागच्या भिंतीवर लावलेली आहे.